मोठ्यांच्या लशीचा डोस कमी करून बाळाला का चालत नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत: मोठ्यांवर तपासलेली लस कमी मात्रेत देऊन बाळाचं का भागत नाही, आणि चार महिन्यांच्या मुलीला आरएसव्हीच्या (बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणाऱ्या एका विषाणूच्या) अभ्यासात घेतलं तर तिचा गिनिपिग होणार का. मी डॉक्टर नाही. बालकांच्या संसर्गजन्य आजारांवरच्या अभ्यासांत समन्वयक म्हणून बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी संमतीपत्रं समजावून सांगण्यात गेली.

मात्रेचा हिशेब मनातून काढून टाका. लहानग्यांना मेंदूज्वर देणाऱ्या हिब या जिवाणूचं बघा. त्याच्यावर साखरेचं कवच असतं आणि अमेरिकेत १९८५ साली आलेली पहिली लस त्याच साखरेपासून केली होती. मोठ्यांत तिने छान प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार होत. दीड वर्षाखालच्या मुलांत मात्र जवळजवळ काहीच नाही, आणि आजाराचा जोर तर त्याच वयात! नुसती साखर ओळखून लढायला तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती शिकलेलीच नसते. ती साखर प्रथिनाला जोडल्यावर काम झालं, आणि १९९० मध्ये दोन महिन्यांच्या बाळांसाठीही अशी लस मंजूर झाली. हे मोठ्यांवर तपासून कधीच कळलं नसतं.

औषधांचंही तसंच. क्लोरॅम्फेनिकॉल हे जिवाणूंवरचं औषध नवजात बाळांच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाही, ते अंगात साठतं, बाळ राखाडी पडतं आणि दगावू शकतं. १९५९ मध्ये हे उमगेपर्यंत ते सर्रास दिलं जात होतं.

आता आरएसव्ही. इथे मी काही लपवणार नाही, कारण नेटवर तुम्हाला हे अर्धवट सापडेलच. १९६६-६७ मध्ये फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेल्या विषाणूची लस बाळांना दिली गेली. पुढच्या साथीत एका अभ्यासात लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णालयात गेली. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. दोन बाळं गेली. लशीने प्रतिपिंडं तयार केली होती, पण विषाणूला अडवू न शकणारी, आणि वर फुप्फुसाची सूज वाढवणारी. त्या धक्क्याने हे क्षेत्र कित्येक दशकं मागे पडलं.

कोडं सुटायला लागलं ते २०१३ मध्ये. विषाणू ज्याच्या मदतीने पेशीत शिरतो, त्या एफ प्रथिनाचा शिरण्याआधीचा आकार तेव्हा दिसला. शिरताना हा आकार बदलतो आणि खरा नेम त्या आधीच्या आकारावर धरायचा असतो. आज गरोदरपणात आईला द्यायची लस आणि बाळाला थेट टोचायचं प्रतिपिंड, निर्सेविमॅब, ही दोन्ही त्याच आकारावर नेम धरतात. दोन्हींत बाळाला तयार प्रतिपिंडं मिळतात, त्याच्या शरीराला काही शिकवावं लागत नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा असू द्या: अभ्यासात तयार प्रतिपिंड आहे की बाळाला द्यायची लस? लस असेल तर जास्त खोलात जाऊन विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये बाळांच्या एका एमआरएनए (शरीराला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूच्या) लशीच्या चाचणीत गंभीर आजार जास्त दिसल्यामुळे अमेरिकेत अशा चाचण्या थांबवल्या गेल्या होत्या.

दुसरा प्रश्न: चाचणी कोण थांबवू शकतं? उदाहरण म्हणून एक जुनी चाचणी घ्या, नाव फीस्ट. युगांडा, केनिया, टांझानियात ३१४१ मुलं. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला शिरेतून भराभर द्रव द्यायचा, हा नेहमीचा आणि सगळ्यांना पटलेला उपचार. ४८ तासांत द्रव दिलेल्यांपैकी साडेदहा टक्के मुलं गेली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र समितीच्या सल्ल्यावरून २०११ मध्ये मुलं घेणं मध्येच थांबवलं. (जुलाबाची मुलं त्यात नव्हती, त्यांचं पाणी कृपा करून थांबवू नका.) म्हणजे अभ्यासाबाहेरची मुलंही प्रयोगातच होती, फक्त कुणी मोजत नव्हतं.

तेव्हा अशी समिती आहे का, बाळ आजारी पडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, खर्च कोणाचा, आणि मध्येच बाहेर पडलात तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना, हे विचारा. उत्तरं लेखी घ्या. घाई करणाऱ्याला सांगा, कागद घरी नेऊन वाचतो. नीट चाललेल्या अभ्यासात त्याला कुणी हरकत घेत नाही.

कागदातलं काही अडलं तर तेवढा परिच्छेद इथे टाका, बाळाचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.