मराठी शाळेत शिकलेल्या खेड्यातल्या मुलाला जर्मनीतली शिक्षणपद्धती झेपते का?

प्रश्न विचारणारे भाऊ बुलढाणा जिल्ह्यातले, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. जर्मनीत एमएस करायचं आहे, पण दहावीपर्यंत मराठी शाळा, इंग्रजी यथातथाच, म्हणून तिथली पद्धत झेपेल का ही धास्ती.

इंग्रजीचं टेन्शन सोडा. मी दारव्हा तालुक्यातला, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर्गात चिनी, इराणी, ब्राझीलची पोरं होती, सगळ्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच धक्का देऊन सुरू होणारं. आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा तेवढी काढा आणि विसरा.

त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिथं तुम्हाला कोणी हाकत नाही. बहुतेक लेक्चरना हजेरी नाही, सेशनल नाही, इंटर्नलचे फुकट मार्क नाहीत. सहा महिने तुम्ही खोलीत झोपून राहिलात तरी कोणी 'काहून आला नाहीस' विचारणार नाही. शेवटी एकच पेपर, त्यावरच सगळं. पहिलं लेक्चर संपलं तेव्हा पोरांनी बाकांवर बोटांनी ठकठक सुरू केली. मी घाबरलोच. आमच्या कॉलेजात बाक वाजले की समजायचं, आज सरांची काही खैर नाही. इथं ती टाळ्यांऐवजीची पद्धत निघाली.

आणि परीक्षेची नोंदणी. आपल्याकडे तारीख नोटीस बोर्डावर लागते, क्लार्क वर्गात येऊन ओरडून जातो, तरी राहिलं तर लेट फी भरून बसू देतात. तिथं कोर्सला ॲडमिशन वेगळी आणि त्या विषयाच्या पेपरला बसायची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, आपली आपण. मला हे माहीतच नव्हतं. अख्खा विषय पाठ करून तयार, आणि नावच नाही. ऑफिसात जाऊन बाईंना म्हटलं, लेट फी घ्या. त्या अगदी गोड हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या सेमिस्टरला या. गेलो परत.

दुसऱ्या विषयात मला 1.7 मिळाले, तिथून आमच्या घरचं महाभारत सुरू झालं.

आधी मागचं सांगतो. मी गेलो 2022 च्या हिवाळी सेमिस्टरला. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 10,332 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे आधी अडकवून ठेवायचे, तिथं गेल्यावर महिन्याला थोडे थोडे मिळतात असं खातं) दाखवायचे होते, म्हणजे सव्वाआठ लाखांच्या वरच. तिकीट, डिपॉझिट वेगळं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. वावर चालत नाही, शेतजमीन म्हटलं की मॅनेजर फाइल मिटतो. राहिलं घर, ते आजोबांच्या नावावर, आणि मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची, सही लागणार. ते ओसरीवर बसून तंबाखू मळत म्हणाले, "इथं इंजिनेरं पेट्रोल पंपावर उभे हायेत, हा तिकडे जाऊन काय दिवे लावते? मी सही करत नाही." बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

मग साडेसातचंच कर्ज काढलं. वरचे पैसे कापसातून आले. आमचा कापूस मागच्या खोलीत भरून ठेवला होता. मी त्याच्या गंजीशेजारी झोपायचो, रात्रभर अंग खाजायचं. त्या वर्षी भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा बाबांनी गाडी भरली. मोठेबाबांनी दिवाळीच्या तोंडावरच सगळा विकून टाकला होता, हे इथं नमूद करून ठेवतो.

तर 1.7. बाबांना फोन केला तेव्हा मी बस पकडायला पळत होतो. त्यांनी विचारलं, किती पडले? म्हटलं, एक पॉइंट सात. कितीपैकी? घाईत बोलून गेलो, पाच. फोन स्पीकरवर होता आणि मोठेबाबा शेजारी. पाचात एक पॉइंट सात म्हणजे चौतीस टक्के. पस्तीसला एक कमी. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बातमी गेली, "जर्मनीवाला पोट्टा एका टक्क्यानं गेला न बाप्पा." आईनं दोन दिवस मला फोनच केला नाही, पोराला वाईट वाटेल म्हणून.

तिथं उलटं असतं. 1.0 सगळ्यात भारी, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. 1.7 चांगला, हे मी व्हिडिओ कॉलवर कागदावर लिहून दाखवलं. मोठेबाबा म्हणाले, "उलटे मार्क देणारा देश कोनता असते का?"

तुमचे आताचे मार्कही ते असेच उलटे करून घेतात, हे अर्ज करायच्या आधी समजून घ्या. कमाल मार्कातून तुमचे मार्क वजा करा, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकानं भागा, तीनानं गुणा, वर एक मिळवा. मला 68 टक्के, पासिंग 40. म्हणजे 32 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1, आले 2.6. बऱ्याच ठिकाणी 2.5 ची अट असते, तिथं मी एका दशांशानं बाहेर. हे गणित आधी केलं असतं तर चार अर्जांची फी वाचली असती. हे तुम्हाला कन्सल्टंट सांगत नाही, तो खासगी कॉलेजाचं ब्रोशर काढतो. कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर वावर विकू नका, पण सहीसाठी कोणाच्या पायाही पडू नका. अमरावती जिल्ह्यातल्या पापळसारख्या खेड्यातून पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी एडिनबर्ग आणि ऑक्सफर्डला जाऊन आले. त्यांचा फोटो आमच्याकडे घराघरात आहे, मोठेबाबांच्या ओसरीवर तर हार घातलेला आहे. त्याच फोटोखाली बसून ते मला नाही म्हणाले.

आता थोडं माझ्या वेळेपेक्षा वेगळं. 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्र्या तपासून खऱ्या असल्याचा दाखला, सक्तीचं झालंय, ते आधी काढा. ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो आहे, निघण्याआधी पुन्हा बघा. आणि 'जर्मनीत फी नाही' हे सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो लागतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही 2024 च्या हिवाळ्यापासून फी लावली आहे. एक पेपर बहुतेक ठिकाणी तीनदाच देता येतो. तिसऱ्यांदा गेला तर तो कोर्सच हातचा जातो, आपल्यासारखा बॅकलॉग ओढत बसता येत नाही. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

कमाल किती आणि पासिंग किती हे तुमच्या मार्कशीटवर छापलेलं नसेल तर कॉलेजकडून तसं पत्र आजच मागा. आमच्या क्लार्कनं दोन महिने लावले होते. आणि पहिला निकाल घरी सांगताना आकडा सांगू नका. पास झालो म्हणा, फोन ठेवा.