गरोदरपणात मेडिकल फिजिसिस्टने (किरणांची मात्रा ठरवणाऱ्या, यंत्रं तपासणाऱ्या तज्ज्ञाने) रेडिओथेरपीचं, म्हणजे किरणोपचाराचं काम सोडावं का?

सोडू नये, काम नव्याने वाटून घ्यावं. गरोदर असल्याचं कळताच आरएसओला (रुग्णालयातल्या किरणसुरक्षा अधिकाऱ्याला) लेखी कळवा. तेव्हापासून एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची (किरणमात्रा मोजण्याचं एकक) मर्यादा लागते.

टीएलडी बॅजचं (अंगावर लावायच्या किरणमापक बिल्ल्याचं) रीडिंग तिमाही, म्हणजे आकडा हाती येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पोटापाशी (एप्रन असेल तर त्याच्या आत) पॉकेट डोसिमीटर (लगेच आकडा दाखवणारा छोटा किरणमापक) लावा, आकडा रोज वहीत टिपा. उपचारांचं प्लॅनिंग, बाहेरच्या कन्सोलवरून लिनॅकचं (किरणोपचार देणाऱ्या यंत्राचं) क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी चालू ठेवा. किरणोत्सारी आयोडीन-१३१ हाताळणं, ब्रॅकीथेरपीचा (शरीरात किंवा गाठीजवळ ठेवून द्यायच्या किरणोपचाराचा) किरणोत्सारी सोर्स बदलणं सहकाऱ्याकडे द्या.

काळजीपोटी सगळंच काम काढून घेणं मात्र अन्यायच. क्यूएचा अनुभव तुटतो, बढतीच्या वेळी तोच कमी भरतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसारही गरोदरपण हे कामावरून दूर करण्याचं कारण नाही.