सतरा क्लिपमधला आवाज

"मॅडम, माझा मुलगा माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या बोलल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. (या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायची परवानगी तिघांनीही दिली आहे, मुलाने सर्वांत आधी.)

मुलगा दहावीत. घरात एक लॅपटॉप, अभ्यासासाठी म्हणून घेतलेला, पण गेम चालेल असा. गेल्या महिन्यात तो रडतखडत चालायला लागला. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. वडिलांनी तो दुरुस्तीला दिला. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, "व्हायरस नाही साहेब. तुमच्या मुलाने रेकॉर्डिंग भरून ठेवलीत." व्हिडिओजच्या फोल्डरमध्ये 'कॅप्चर्स' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. त्यात एकेका मिनिटाच्या 41 क्लिप आणि दोन-दोन तासांची सहा रेकॉर्डिंगं. वडिलांनी घरी आल्यावर एक क्लिप लावली. पडद्यावर गाड्यांचा खेळ चालू होता आणि त्यावर आईचा आवाज: "बंद कर ते मेलं! कानात बोळे घालून बसलायस, घर पेटलं तरी कळायचं नाही तुला!"

त्यांनी दुसरी लावली. तिसरी लावली. मग ताईंनी स्वतः रात्री बसून सगळ्या 41 ऐकल्या. 17 क्लिपमध्ये त्या होत्या. प्रत्येक फाइलच्या नावात खेळाचं नाव, तारीख आणि वेळ, अगदी सेकंदापर्यंत. "कोर्टात लावतात तसं सगळं लावून ठेवलंय," त्या म्हणाल्या. नवऱ्याशी भांडण झालं तेव्हा तोही म्हणाला होता, "ऐक, कशी बोलतेस ते ऐक एकदा." तेव्हापासून त्या घरात हळू आवाजात बोलत होत्या आणि लॅपटॉप उघडा दिसला की स्वयंपाकघराचं दार लावून घेत होत्या.

मी पेन ड्राइव्हला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "हा तुम्ही इथे आणलाय, हे त्याला माहीत आहे?"

त्या गप्प झाल्या.

"माझं घरात ऐकलं जातंय का, रेकॉर्ड होतंय का?" ही भीती अलीकडे माझ्याकडे वारंवार येते. कधी मुलाबद्दल, कधी जोडीदाराबद्दल, कधी नुसतं यंत्राबद्दल. बहुतेक वेळा अशा भीतीत दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. यंत्र नेमकं काय करतं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळू शकतं आणि ते आधी मिळवावं. माणसांमध्ये काय चाललंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हातात नसताना दुसऱ्याला हात घातला की प्रत्येक वाक्याला संशयाचा रंग चढतो. म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या रागावर किंवा मुलाच्या वागण्यावर काहीच बोलले नाही. मुलाला पाठवा म्हटलं, येताना लॅपटॉप घेऊन येऊ दे.

जाता जाता त्यांनी विचारलंच, "हे व्यसन आहे का हो?" जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या खुणा कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान होतंय हे दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारणपणे 12 महिने चाललेलं असणं. हा मुलगा शाळेत जात होता, क्लासला जात होता, रात्री दीड तास खेळत होता. तो दीड तास त्यांना खटकत होता, हे मला मान्य आहे. पण खटकणं म्हणजे व्यसन नव्हे.

मुलगा आला तो लॅपटॉपची बॅग छातीशी धरूनच. आईने पेन ड्राइव्ह आणल्याचं मी त्याला सांगितलं, कारण लपवून पुढे जाणं मला पटत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग तो जे बोलला ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं:

"मॅडम, मी आईला नाही रेकॉर्ड करत. मी गोल रेकॉर्ड करतो."

त्याने मला दाखवलं. खेळ रॉकेट लीग, गाड्यांनी फुटबॉल खेळायचा. पाच मिनिटांचा सामना. विंडोजमध्ये एक्सबॉक्स गेम बार म्हणून सोय आधीपासूनच असते. विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबलं की खेळावरच काचेसारख्या पट्ट्या उमटतात: आवाज, रेकॉर्डिंग, संगणकावर पडणारा ताण. यालाच ओव्हरले म्हणतात. विंडोज, आल्ट आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं आणि तेच पुन्हा दाबलं की थांबतं. त्याचा खरा जीव मात्र तिसऱ्या युक्तीवर होता. सेटिंग्जमध्ये गेमिंग, त्यात कॅप्चर्स, तिथे 'रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड' नावाचं बटण. ते चालू असलं की खेळ सुरू असेपर्यंत संगणक मागचा थोडा वेळ सतत धरून ठेवतो आणि जुना पुसत जातो. फाइल तयार होत नाही. विंडोज, आल्ट आणि जी दाबलं, तरच मागचा तेवढा तुकडा जपला जातो. मुळात तो 30 सेकंदांचा असतो. याने तो एक मिनिटावर नेला होता.

"एक मिनिट का?"

"गोल झाला की गेम आधी रिप्ले दाखवतो. तो संपल्यावर मी बटण दाबतो. 30 सेकंदांत सुरुवातीचा पास येत नाही."

मी त्याला कागदावर ते एक मिनिट आखायला सांगितलं. त्याने आडवी रेघ काढली. डावीकडे पास, मग गोल, मग रिप्ले, उजव्या टोकाला बटण. मी विचारलं, "यात तू ओरडतोस कुठे?" त्याने गोलावर फुली मारली. "आणि आई कुठे येते?"

तो बराच वेळ पेन धरून बसला. मग रिप्लेवर फुली मारली.

त्या दोन फुल्यांमध्ये जेमतेम बोटभर अंतर होतं. गोल झाला की हा ओरडायचा. कानावर हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्याने ओरडतो हे त्याला कळायचंच नाही. ओरडणं ऐकून आई यायची आणि बोलायची. हेडफोनच्या दांडीवरचा माइक दोघांनाही टिपायचा. मग रिप्ले संपायचा आणि हा बटण दाबायचा. जो क्षण त्याला जपून ठेवावासा वाटला, त्याच्याच शेपटाला आईचं रागावणं चिकटलेलं. सतरा वेळा. पुरावे कुणीच गोळा केले नव्हते. त्याच्या आनंदाची आणि तिच्या येण्याची वेळ एक होती, इतकंच.

दोन-दोन तासांच्या सहा फाइलींचंही उत्तर निघालं. कधीतरी त्याने आर दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं, बंद करायला विसरला आणि खेळाचा मेन्यू तसाच उघडा टाकून जेवायला गेला. रेकॉर्डिंगला कमाल वेळेची मर्यादा असते, ती या लॅपटॉपवर दोन तासांची होती. तिथे पोहोचल्यावर ते आपोआप थांबलं. ड्राइव्ह भरली ती या सहांनी.

तिसऱ्या वेळी आई आणि मुलगा दोघेही आले. मी त्याला तो कागद आईला समजावून सांगायला लावला. ताई नीट ऐकत होत्या. फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तू काय ओरडतोस माहितेय तुला? 'आई गंऽ!' असं ओरडतोस."

"ते असंच म्हणतो मी. सगळेच म्हणतात."

"हो, पण मी पळत येते."

आणि मग त्यांनी सांगितलं. तो तीन वर्षांचा असताना तापात झटका आला होता. संध्याकाळची वेळ, नवरा कामावर, ह्या गच्चीवर कपडे काढत होत्या. आतून "आई गं" असा एकच आवाज आला आणि खाली येऊन बघतात तो पोर ताठ झालेलं, डोळे वर. पुढे डॉक्टरांनी समजावलं की तापातला तो झटका होता, घाबरण्यासारखं काही नाही. पुन्हा कधी आलाही नाही. पण तो आवाज ऐकला की पाय आपोआप पळतात. हातातली पोळी तव्यावर टाकून पळतात. आणि दारात येऊन बघावं तर हा हसतोय, समोर गाड्या उड्या मारतायत. "त्या क्षणाला मला इतका राग येतो ना मॅडम… काहीही बोलते मी."

मुलाला ही गोष्ट "तू लहानपणी एकदा आजारी होतास" एवढीच माहीत होती. तो आईकडे बघत राहिला, काही बोलला नाही. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला, सहा मोठ्या फाइली निवडल्या आणि न उघडता डिलीट केल्या. रिसायकल बिनमध्ये जाऊन तिथूनही काढल्या. त्या सहा फाइलींत घरातलं काय काय बोलणं गेलं होतं, हे कुणी ऐकलं नाही. मला ते फार योग्य वाटलं.

ज्यांच्या घरी अशीच धाकधूक चालू आहे, त्यांच्यासाठी यंत्राबद्दल थोडं सांगते, कारण ताईंची निम्मी भीती तिथेच उतरली. गेम बार आहे म्हणजे कुणी ऐकतंय असं नाही. तो उघडलेल्या खेळाची किंवा एका प्रोग्रामची खिडकी टिपतो, डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर टिपत नाही. फाइल त्याच संगणकावर राहते आणि कुणी पाठवल्याशिवाय कुठे जात नाही. मात्र ते फोल्डर क्लाउडवर बॅकअपला लावलेलं असेल तर तिथेही प्रत जाते, तेवढं बघून घ्या. आवाजाची काळजी असेल तर विंडोज आणि जी दाबून रेकॉर्डिंगच्या चौकटीतलं माइकचं बटण बघा. विंडोज, आल्ट आणि एम दाबूनही माइक चालू-बंद होतो. मागचं धरून ठेवणारं बटण नको असेल तर कॅप्चर्समध्ये बंद करा. जुन्या लॅपटॉपवर खेळही थोडा हलका चालतो. कंट्रोलर, म्हणजे खेळायचा हातात धरायचा रिमोट, जोडलेला असेल आणि मध्येच पट्ट्या उमटत असतील, तर कंट्रोलरच्या बटणाने गेम बार उघडू नये असं सेटिंग त्याच गेमिंगच्या पानावर आहे.

एक गोष्ट पालकांच्या हमखास निसटते. गेम बार बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं होत नाही. स्टीम, म्हणजे गेम विकत घेऊन खेळायचं ॲप, त्याचा ओव्हरले वेगळा, तो शिफ्ट आणि टॅबने उघडतो, आणि 2024 पासून स्टीममध्ये स्वतःची रेकॉर्डिंगची सोय आहे. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा ओव्हरले आल्ट आणि झेडने उघडतो, त्यातही मागचं जपून ठेवायची सोय आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळं जाऊन बघावं लागतं. आणि हे मुलाशेजारी बसून, त्यालाच दाखवायला सांगून बघा. रात्री तो झोपल्यावर पासवर्ड शोधून बघू नका. ताईंनी 41 क्लिप एकटीने ऐकल्या, त्या रात्री त्यांना एकही गोल दिसला नव्हता. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मूल खरोखरच घरातल्यांना मुद्दाम, लपून रेकॉर्ड करत असेल तर? तसंही असतं आणि मी ते पाहिलं आहे. तिथे मूल कशाला तरी घाबरलेलं असण्याची शक्यता मी आधी धरते. तेव्हा फाइली पुसण्याची घाई करू नका, एखाद्या जाणत्या माणसासमोर मुलाला बोलू द्या.

वडिलांना मी एकदा फोन केला. क्लिप भांडणात वापरू नका, एवढंच सांगितलं. मुलाने जपलेला गोल तुम्ही बायकोला ऐकवायचं हत्यार केलात तर उद्या तो काहीच जपणार नाही किंवा काहीच दाखवणार नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे." पुढे पाळलंही.

घरी त्यांनी आपापसांत ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये माइक बंद. हेडफोनचा एक कान मोकळा, म्हणजे स्वतःचा आवाजही कळतो आणि आईची हाकही. साडेनऊनंतर खेळ नाही. जुन्या 41 क्लिपचं काय करायचं हे मी मुलावर सोडलं. त्याने आईचा आवाज असलेल्या सोळा काढून टाकल्या. सतरावी ठेवली, कारण तो त्याचा सर्वांत चांगला गोल होता. आईला विचारून ठेवली.

आणि "आई गंऽ" ऐवजी "गोल" म्हणायचं. हे मात्र त्याला जमेना. तोंडातून जे निघायचं तेच निघायचं.

दीड महिन्याने ताई एकट्याच आल्या होत्या. मी विचारलं, आता कसं वाटतं तो ओरडला की?

"अजून उठतेच मी," त्या म्हणाल्या. "गॅस बारीक करते, दारापर्यंत जाते. पडद्यावर गाड्या दिसल्या की परत येते."