व्हिएतनाममध्ये समलैंगिकतेवरच्या सिनेमांना बंदी आहे का? तिथले धाडसी सिनेमे कोणते पाहावेत?

बंदी विषयाला नाही. 'व्हिएत अँड नाम' (2024) त्यातल्या दोन खाणकामगारांच्या प्रेमामुळे अडला, असं फिल्म सोसायट्यांमधली जाणती मंडळीसुद्धा ठोकून देतात, तेव्हा डोकं उठतं. सेन्सॉरचं पत्र वाचा: आक्षेप देशाच्या अंधाऱ्या, कोंडलेल्या, नकारात्मक चित्रणाला होता. पुरुष वेश्येची प्रेमकथा असलेला 'लॉस्ट इन पॅरडाइज' 2011 मध्ये तिथल्या थिएटरांत लागला होता. प्रियकराला घेऊन घरी आलेल्या मुलाचा 'गुडबाय मदर'ही 2019 मध्ये लागला. वेश्याव्यवसाय आणि एचआयव्हीवरचा ले होआंगचा 'बार गर्ल्स' (2003) तर सरकारी स्टुडिओनेच काढला आणि तो तुफान चालला.

सिनेमा अडतो तो लांबलेल्या नग्नतेवर ('टेस्ट', 2021), आशेला जागा न ठेवणाऱ्या सुरावर आणि कागदपत्रांवर. परदेशी महोत्सवाला पाठवण्याआधी परवाना लागतो. आपल्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगारावरचा 'रोम' 2019 मध्ये परवान्याविनाच दक्षिण कोरियातल्या बुसान महोत्सवाला गेला, तर निर्मिती कंपनीला 4 कोटी डाँग (व्हिएतनामचं चलन) दंड झाला. काटछाट होऊन तो 2020 मध्ये लागला.

'द थर्ड वाइफ'चं प्रकरण मात्र यात घुसडू नका. जमीनदाराची तिसरी बायको होणाऱ्या 14 वर्षांच्या मुलीची ही गोष्ट सेन्सॉरने प्रौढांसाठी पास केली होती. मे 2019 मध्ये चार दिवसांत तो उतरवला निर्मात्यांनीच, कारण शय्यादृश्यं करणारी नटी चित्रीकरणाच्या वेळी अवघी 13 वर्षांची होती, यावरून लोक खवळले आणि तिच्या घरच्यांवरही तुटून पडले. मंजूर प्रतीपेक्षा वेगळी प्रत दाखवल्याबद्दल 5 कोटी डाँगचा दंड नंतर झाला. सेटवरच्या मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न रास्तच आहे. त्याला कलेची गळचेपी म्हणणं मला पटत नाही. घरच्यांना शिव्या घालणं त्याहून वाईट.

सुरुवात 'गुडबाय मदर'पासून करा. मग 'बी, डोन्ट बी अफ्रेड' (2010), पण आंतरराष्ट्रीय प्रतच शोधा, देशातल्या प्रतीला कात्री लागली होती. पाहण्याआधी लांबी महोत्सवाच्या नोंदीशी ताडून घ्या.

अर्थात बंदी नाही म्हणजे मोकळीक आहे असंही नाही. समलिंगी विवाहाला तिथे अजून कायद्याची मान्यता नाही. 2023 पासून लागू झालेल्या चित्रपट कायद्यात पी, के, टी13, टी16, टी18 या प्रेक्षकांच्या वयानुसार ठरणाऱ्या श्रेण्यांपुढे 'सी' आहे. तो शिक्का बसला की सिनेमा देशात लागत नाही.