सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत व पचनसंस्थेत घट्ट, चिकट स्राव साचणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?
उपचार म्हणून देऊ नयेत. 2004 मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात हळदीतील कर्क्युमिनमुळे या आजारात सदोष असलेल्या सीएफटीआर या (पेशींतून क्षारांची ने-आण करणाऱ्या) प्रथिनाचे काम सुधारल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. परंतु पुढे इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही, शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शोषले जाते. आमटीतली चिमूटभर हळद खुशाल चालू ठेवावी. मला अधिक काळजी वाटते ती ‘वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीची, कारण सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील विकरांना (एन्झाइम्सना) चालना देऊन आयव्हाकॅफ्टर या सिस्टिक फायब्रोसिसवरील औषधाची रक्तातील पातळी घटवते, तर ग्रेपफ्रूट (आपल्या पपनसाचा भाऊबंद) ती वाढवते. डॉक्टरांनी जेवणाबरोबर दिलेली स्वादुपिंडाची विकरे कोणत्याही काढ्याच्या भरवशावर बंद करू नयेत.