मशीन शॉपमध्ये माल सगळीकडे पडलेला, तरी असेंब्ली (पार्टची जोडणी) मालावाचून थांबते. जादा ट्रॉल्या घ्याव्यात, की दुसरं काही करावं?

आमच्याकडे अगदी हेच चालायचं. पाय ठेवायला जागा नाही, आणि असेंब्लीवर नेमका हवा तो पार्ट नाही. तुम्ही म्हणताय तशा जादा ट्रॉल्या आम्हीही घेतल्या. त्याही भरल्या.

मग एकदा एका ब्रॅकेटवर खडूने खूण केली आणि घड्याळ घेऊन त्याच्या मागे लागलो. कटिंग, ड्रिलिंग, डिबरिंग (कडांचे खरखरीत तुकडे काढणं) मिळून काम ११ मिनिटांचं. बाहेर पडायला ४ दिवस. हिशोब सोपा आहे, त्याला लिटलचा नियम म्हणतात: मध्ये पडलेला माल भागिले रोज बाहेर जाणारा माल. १,२०० नग पडून, रोज ३०० बाहेर, म्हणजे ४ दिवस. कितीही आरडाओरडा करा.

माल पडतो कारण बॅच, म्हणजे एका दमात काढलेले नग, मोठी. बॅच मोठी कारण सेटिंगला, म्हणजे मशीन पुढच्या पार्टसाठी लावायला, दीड तास; एकदा जमलं की ऑपरेटर ८०० नग काढूनच मोकळा होतो. त्याला काय बोलणार, शिफ्टचा रिपोर्ट नगांवरच असतो! म्हणून आधी सेटिंग धरा. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १,००० टनी प्रेसचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ ४ तासांवरून ३ मिनिटांवर आणला होता. आम्ही एवढंच केलं: पाने, ड्रिल, फिक्स्चर (पार्ट जागेवर धरून ठेवणारी चौकट) आधीचा जॉब चालू असतानाच मशीनजवळ आणून ठेवले आणि बोल्ट एकाच मापाचे केले. ३५ मिनिटांवर आलो. बॅच २०० ची झाली.

स्क्रॅपही त्यानेच घटला. पूर्वी फिक्स्चरची पिन झिजून भोक अर्धा मिलीमीटर सरकलं, ते असेंब्लीला कळेपर्यंत ६०० नग वाया गेले होते. आता फार तर एक बॅच जाते.

मग असेंब्लीजवळ प्रत्येक पार्टचे दोन बिन (खोके) ठेवा. रिकामा झालेला बिन मागे जातो, तीच ऑर्डर. तासाला ४० नग लागतात आणि भरून यायला ४ तास, म्हणजे १६०. थोडे जादा धरून बिन २०० चा. रिकामा बिन आला नाही तर ड्रिलिंगने नग काढायचा नाही. मशीन उभं बघून सुपरवायझरचा जीव वरखाली होतो, पण गरजेआधी बनवून ठेवणं हाच सगळ्यात वाईट अपव्यय, असं टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो मानायचे. बाकीचे दोष त्या ढिगाखाली झाकले जातात.

एकदम सगळे पार्ट घेऊ नका, रोज अडणारा एकच घ्या. आणि लेआउटला इतक्यात हात लावू नका. मधला माल हटल्यावर दोन मशीन जवळ आणायला आमच्याकडे जागा आपोआपच झाली.