विचारा बिनधास्त: राजमाची सोपा की अवघड?

प्रश्न : दादा, आम्ही डोंबिवलीचे पाच जण, ऑफिसातलेच, डिसेंबरमधल्या एका रविवारी राजमाची किल्ला करायचा म्हणतोय. लोणावळ्यातून जायचं आणि कोंढाणे लेण्यांकडून उतरून कर्जतला लोकल पकडायची, सगळं एका दिवसात. पण एका व्हिडिओत ‘एकदम इझी’ म्हणतायत आणि दुसऱ्यात लोकांची अक्षरशः वाट लागलेली दिसतेय. खरं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही! फक्त दोघांच्या वाटा वेगळ्या. लोणावळ्यातून तुंगार्लीमार्गे गेलात तर १५-१६ किलोमीटर आहे पण बरीचशी सपाटी, पाय दुखतात, दम लागत नाही. कर्जतकडच्या कोंदिवड्यातून, म्हणजे कोंढाणे लेण्यांच्या वाटेने, अंतर त्याच्या निम्म्याहून कमी, पण ती अंगावर येणारी खडी चढण. म्हणून व्हिडिओ बघताना आधी दोन गोष्टी बघा, कुठून चढलेत आणि कुठल्या महिन्यात. जुलैतला निसरडा चिखल डिसेंबरात नसतो, आणि जुलैतले ओढे पण नसतात.

आता वेळेचं गणित. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब सांगितला तो अजून चालतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. कोंदिवडे ते उधेवाडी (म्हणजे किल्ल्याखालचं गाव) साधारण ६ किलोमीटर आणि चढ साडेपाचशे-सहाशे मीटर धरा, म्हणजे सव्वादोन तास झाले. पण नेस्मिथसाहेबांच्या ग्रुपमध्ये दर वळणावर रील काढणारं कोणी नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे त्याची सरळ दीडपट करायची, साडेतीन तास.

आणि प्लॅन नेहमी उलटा करायचा, संध्याकाळकडून सकाळकडे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारून येतं, म्हणजे पाचला तुम्ही खाली कोंदिवड्यात पाहिजे. उतरायला तीन तास. मग दोनला उधेवाडी सोडायची. त्याआधी जेवण एक तास, श्रीवर्धन बालेकिल्ला जाऊन-येऊन दीड-दोन तास, म्हणजे अकराला गावात पोचलेलं पाहिजे. लोणावळ्यातून अकराला गावात पोचायचं तर पहाटे सहाच्या आत, अंधारातच, चालायला लागावं लागेल आणि डोंबिवलीहून तेवढ्या पहाटे लोणावळा गाठणार कसं? शनिवारी रात्री तिथे मुक्काम करणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर माझं ऐका, पहाटेची कर्जत लोकल पकडा, साडेसातला कोंदिवड्यातून चढायला लागा आणि त्याच वाटेने परत या. लेणी चढतानाच बघून घ्या, उतरताना बघू म्हणणारे बघत नाहीत. मनरंजन हा दुसरा बालेकिल्ला, तो राहिला तर राहू दे. आणि कर्जतहून ज्या रिक्षाने जाल त्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन परतीचं तिथंच ठरवून टाका.

प्रश्न : ॲपवर जीपीएस ट्रॅक डाउनलोड केला की वाटाड्या लागतो का?

उत्तर : मळलेल्या वाटेवर, रविवारच्या गर्दीत, नाही लागणार. पण ट्रॅक म्हणजे कोणीतरी एकदा चाललेली रेघ, तो चुकला असेल तर त्याची चूक पण त्यात सेव्ह झालेली असते. मी एकदा (राजमाचीला नाही, दुसरीकडे) असाच मोबाईलकडे बघत एका छान रुंद वाटेने गेलो, वीस मिनिटांनी ती वाट कारवीच्या झुडपांत शिरली आणि शेणाच्या पो जवळ संपली. ढोरवाट होती. ट्रॅकवाला पण तिथवर येऊन मागे फिरलेला, ती गाठ स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती, मी झूमच केलं नव्हतं. तेव्हा घरीच वायफायवर ट्रॅक मोठा करून बघा, दोन-तीन वेगवेगळ्या लोकांचे एकावर एक टाकून बघा, जिथे फाटतात ती जागा लक्षात ठेवा. मॅप ऑफलाइन घ्या, सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? आणि जेवण?

उत्तर : माणशी तीन लिटर. वर गावात भरून मिळेल, पण चढताना त्या भरवशावर राहू नका. जेवणासाठी आदल्या दिवशी संध्याकाळी उधेवाडीत कुणाच्यातरी घरी फोन करा, तिथे बऱ्याच घरी जेवणाची सोय होते. भाकरी किती लागतील ते सांगताना वाटेची, गवताची, ओढ्याची चौकशी पण करून घ्या, ती माहिती कालची असते, व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा. आणि पाच जणांना पंधरा भाकऱ्या सांगा, दहा पुरत नाहीत.